हप्ता फुकट जातो म्हणजे कुठे जातो?

प्रश्न : आमचा पेण तालुक्यातल्या जित्यात गणपतीचा छोटा कारखाना आहे. माझे वय ३८. घरात पत्नी, दोन मुले आणि ७१ वर्षांची आई. माझ्या दोन पॉलिस्या आहेत. दोन्ही मिळून विमा ४ लाखांचा, वर्षाचा हप्ता २१ हजार. मुदत संपली की बोनससकट पैसे परत मिळतील. आता मेहुणे मागे लागलेत, ‘टर्म पॉलिसी घ्या.’ पण तिच्यात आपण जगलो-वाचलो तर एक पैसा परत नाही. म्हणजे जिवंत राहिल्याचा दंडच झाला की! आणि विमा असावा तरी किती? एजंट सांगतो ते त्याच्या सोयीचे, मेहुणे सांगतात ते मोबाइलवर पाहिलेले. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ‘जिवंत राहिल्याचा दंड’ हा शब्द झकास आहे, पण हिशोबात बसत नाही. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत : हप्ता वाया जातो का, आणि विमा किती हवा. पहिला सुटला की दुसरा निम्मा सुटतो.

पेणच्या खाडीपट्ट्यातल्या माणसाला विमा समजावून सांगायची खरे तर गरज पडू नये. खारेपाटात बांध राखायची जुनी रीत आठवा. जोळ काढायची, म्हणजे घरटी एक माणूस कामाला यायचा आणि बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायचा. उधाणाने बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली तर खारे पाणी कोणाच्या शेतात आधी शिरेल हे कोणालाच माहीत नसे, म्हणून खपायचे सगळ्यांनी. एखाद्या वर्षी उधाण शांत गेले, तर ‘माझी मजुरी परत द्या’ म्हणत कोणी पाटलाच्या दारात उभा राहिला नाही. विम्याचा हप्ता म्हणजे ही जोळ.

आता आकडे घालून पाहू. समजा, तुमच्या वयाची १,००० माणसे एकत्र आली आणि त्यांच्यापैकी वर्षभरात दोघे दगावतात. दोन्ही घरांना ५० लाख द्यायचे ठरले, तर १ कोटी लागतील. हजारांत वाटले की माणशी १० हजार. कंपनीचा खर्च, तिचा नफा, तुमची तब्येत आणि वय यांनी खरा आकडा वर-खाली होईल, पण गणिताचा सांगाडा हाच. उरलेल्या ९९८ जणांचे पैसे कुठे गेले? त्या दोन घरांत. ते परत कुठून आणणार?

हाच हिशोब तुमच्या ४ लाखांना लावा. दोन घरांना मिळून ८ लाख, हजारांत वाटले की माणशी ८०० रुपये. तुम्ही भरता २१ हजार. म्हणजे विम्याचे काम करणारे ढोबळमानाने ८०० रुपये, बाकीची तुमची बचत, आणि एजंटाचे कमिशन नि कंपनीचा खर्चही त्याच रकमेतून. मुदतीनंतर ‘परत’ येते ते तुम्हीच घातलेले पैसे, थोडे वाढून. त्यात फसवणूक काही नाही. शिस्तीने बचत न जमणाऱ्याला असा हप्ता उपयोगीही पडतो. पण त्याला विमा म्हणून पुरेसे समजलात, तर घरच्यांच्या हाती ४ लाखच पडतील.

ते किती दिवस पुरतील? घरखर्च महिना २८ हजार धरू. त्यातला तुमचा स्वतःचा वाटा ४ हजार वजा केला की २४ हजार, वर्षाला २ लाख ८८ हजार. ४ लाख दीड वर्षही टिकत नाहीत. धाकटे मूल १० वर्षांचे असेल तर ते पायावर उभे राहीपर्यंत १४ वर्षे लागतील, म्हणजे सुमारे ४० लाख. कारखान्याचे कर्ज ५ लाख आणि दोघांच्या शिक्षणाचे ६ लाख मिळवा : ५१ लाख. त्यातून हातातल्या पॉलिस्यांचे ४ लाख आणि बँकेत असतील ते, समजा, २ लाख वजा करा. उरले ४५ लाख. महागाई आणि ठेवीचे व्याज एकमेकांना खाऊन टाकतात असे मी इथे धरले आहे. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील. ते एका संध्याकाळी वहीत मांडा, आणि वहिनींना शेजारी बसवून मांडा, कारण किराण्याचा खरा आकडा त्यांनाच ठाऊक. ‘उत्पन्नाच्या दहापट विमा’ हा एजंटांचा ठोकताळा सोयीचा आहे, पण त्याला कर्ज दिसत नाही आणि मुलांची वयेही दिसत नाहीत.

एवढी रक्कम हप्त्याच्या आवाक्यात फक्त टर्म पॉलिसीतच बसते, कारण तिच्यात बचतीचे ओझे नसते. मेहुणे या वेळी बरोबर आहेत. (हे त्यांना लगेच सांगितलेच पाहिजे असे नाही.) शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे.

एक अडचण मात्र आधीच सांगतो. मोठ्या रकमेचा विमा देताना कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते. आपल्याकडे मूर्तींचा निम्मा व्यवहार रोखीत आणि ओळखीवर चालतो. कागदावर उत्पन्न दीड लाख दिसत असेल तर ५० लाखांचा विमा मिळणे कठीण. आयकर विवरणपत्र नियमाने भरायला लागा, कर बसत नसला तरी.

अर्ज स्वतः वाचून भरा. एजंट ‘तंबाखू : नाही’ अशी खूण करून मोकळा होतो. मशेरी हीसुद्धा तंबाखूच, हे आपल्या घरांत कोणी मोजत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही लिहा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर कंपनीला तिच्यावर हरकत घेता येत नाही. पण त्याआधी काही झाले तर लपवलेली गोळी तुमच्या पत्नीला भोवेल. पॉलिसीचा कागद हाती आल्यावर पटला नाही, तर ३० दिवसांत ती परत करता येते. आणि कारखान्यावर कर्ज असेल तर पॉलिसी घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्या. मग त्या रकमेवर पत्नी-मुलांचाच हक्क राहतो, सावकाराला किंवा बँकेला तिला हात लावता येत नाही. मागाहून ही सोय जोडता येत नाही.

जुन्या पॉलिस्या रागाने मोडू नका. आधी नवी हातात येऊ द्या. मग जुन्यांचे हप्ते थांबवून त्या पेड-अप ठेवायच्या की तशाच चालवायच्या, हे कंपनीच्या शाखेत जाऊन रकमा लेखी घेऊन ठरवा. मुलांच्या नावाने पॉलिसी काढायचा विचार असेल तर तूर्त सोडून द्या. विमा कमावत्या माणसाचा काढायचा असतो. मुलाचा हप्ता भरणाराच गेला तर पुढचा हप्ता कोण भरणार?

‘सरकारी कंपनीत पैसे सुरक्षित, खासगीत बुडतात,’ ही शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण मनात असणार. २०१० साली पेण अर्बन बँकेत ठेवीदारांचे पैसे अडकले, त्यानंतर पेण तालुक्यातल्या माणसाला ती नसेल तरच नवल. या शंकेची एक गोष्ट तुमच्याच रेल्वेमार्गावरची आहे. जित्याहून गाडीत बसलात की शेवटचे स्टेशन रोहा. त्या रोह्यात लहानपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९५६ साली देशाचे अर्थमंत्री होते. तेव्हा आयुर्विमा खासगी कंपन्यांच्या हाती होता, आणि काही मालक विमेदारांचा पैसा स्वतःच्या उद्योगांत फिरवत असत. भारत इन्शुरन्स कंपनीचे असेच प्रकरण खासदार फिरोज गांधींनी १९५५ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले. पुढच्याच महिन्यात, १९ जानेवारी १९५६ ला, देशमुखांनी वटहुकूम काढून हा सगळा धंदा सरकारच्या ताब्यात घेतला. १ सप्टेंबरला २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. त्यात मराठी मुलखातलीही होती : अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात काढलेली वेस्टर्न इंडिया. देशमुखांनी स्वतः मात्र त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले.

महामंडळाच्या विमा रकमेला कायद्याच्या कलम ३७ ने केंद्र सरकारची हमी आहे. खासगी कंपन्यांना २००० पासून पुन्हा दार उघडले, त्यांना ही हमी नाही. पण देणी भागवून वर ठरावीक प्रमाणात भांडवल राखण्याचे बंधन विमा नियामकाने घातले आहे, आणि ते महामंडळालाही आहे. तेव्हा १९५५ ची भीती आज तशीच बाळगायचे कारण नाही.

आजारपणाकडे वळू, कारण घरे जास्त करून तिथेच कर्जात जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांतच. बिल दाखवून पैसे मिळतील या भरवशावर कुठेही दाखल होऊ नका. आईंचे वय ७१ म्हणजे उपचारांसाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांना उत्पन्न न पाहता मिळते. ते कुठे काढायचे ते ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या सेवा केंद्रात विचारा. जमेल तेव्हा स्वतःचा आरोग्यविमाही घ्या, आणि धडधाकट आहात तोवर घ्या. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. दुखणे आल्यावर विमा शोधणे म्हणजे खांड पडल्यावर माती शोधणे.

मूर्तींचा विमा हा निराळा विषय. एवढेच सांगतो की तो जागेला बांधलेला असतो. जुलैत डोळ्यांची आखणी झालेल्या मूर्ती तुम्ही शेजारच्या पडवीत आणि ताडपत्रीच्या शेडमध्ये ठेवता, तो पत्ता पॉलिसीत नसेल तर पुराचे पाणी तिथे शिरल्यावर भरपाई मिळत नाही. २६ जुलै २००५ चा पूर आठवणाऱ्यांना अधिक सांगायला नको.

आता सगळ्यात स्वस्त, आणि म्हणूनच सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. घरातली सगळी पासबुके काढा आणि मे-जूनच्या नोंदी बोटाने वाचत जा. ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती : कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर २ लाख. २० रुपये दिसले तर ती सुरक्षा बीमा : अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख. बँकेतल्या कोणीतरी कधीतरी सही घेतलेली असते, आपण विसरतो, आणि माणूस गेल्यावर घरच्यांना या दोन ओळींचा अर्थच कळत नाही. दावा त्याच बँकेत करायचा असतो. तीन बँकांत खाती असली तरी २ लाख एकदाच मिळतात, तेव्हा जास्तीच्या ठिकाणी बंद करा. नोंद नसेल तर फॉर्म भरा. जीवनज्योतीत शिरायला वयाची मर्यादा १८ ते ५० आहे, सुरक्षेत १८ ते ७०. जीवनज्योतीत नव्याने शिरल्यावर पहिले ३० दिवस अपघाताखेरीज दुसऱ्या मृत्यूला संरक्षण नसते.

सुरक्षा बीमात साप चावून आलेला मृत्यूही अपघात धरला जातो, पण रुग्णालयाची तत्काळ नोंद हवी. सुरुवातीचे तास भगताच्या अंगणात घालवले आणि ‘फाडाफाडी नको’ म्हणून शवविच्छेदन टाळले, की माणूसही जातो आणि २ लाखांचा कागदही. सातबारावर नाव असलेल्या कुटुंबासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना वेगळी आहे, तिचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात करायचा. कागद तिथेही हेच लागतात.

सगळ्या पॉलिस्यांवर नॉमिनी कोण, ते आजच पाहा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर बऱ्याचदा वडिलांचे नाव असते आणि वडील जाऊन दहा वर्षे झालेली असतात. बदलायला एक फॉर्म पुरतो.

जीवनज्योती आणि सुरक्षा या दोन्ही योजनांचे वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मे रोजी संपते. मूर्तींसाठी पैसा लागतो म्हणून तुमच्याकडे नेमकी याच दिवसांत खाती रिकामी होतात, आणि पैसे नसले की विमा चालू राहत नाही. मे संपायच्या आत खात्यात ४५६ रुपये शिल्लक ठेवा.