स्नायूंतील ऊर्जेचा शोध

आपण मूठ आवळतो तेव्हा स्नायूंना एटीपी हे द्रव्य ऊर्जा पुरवते. खर्च झालेले एटीपी फॉस्फोक्रिएटिन भरून काढते. पूर्वी ही देवघेव तपासण्यासाठी स्नायूचा अर्क काढावा लागे.

या दोन्ही द्रव्यांत फॉस्फरस असतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्याचे अणुकेंद्र रेडिओलहरींना प्रतिसाद देते आणि प्रत्येक द्रव्यात तो प्रतिसाद किंचित वेगळा असतो. १९७४ साली ऑक्सफर्ड येथे जॉर्ज रॅडा व सहकाऱ्यांनी उंदराच्या अखंड स्नायूतील द्रव्ये अशी ओळखली. १९८१ साली त्यांनी मॅकआर्डल रोग झालेल्या व्यक्तीचा हात तपासला. व्यायामानंतरही स्नायूंतील आम्लता वाढली नाही. साठवलेल्या ग्लायकोजेनचे विघटनच होत नव्हते. १९८३ साली लंडनमध्ये नवजात अर्भकांचा मेंदूही याच पद्धतीने अभ्यासला गेला. शस्त्राचा स्पर्श न होता व्याधीचे कारण कळणे, हे या संशोधनाचे मोल होय.