पोरामागं खोली करू नका

पोळा जवळ आला की नागपुरात शिकायला आलेल्या पोरांच्या पालकांचे फोन सुरू होतात. "सर, पोराचं मन नाही लागून राहिलं. परत आणू का?" देसाईगंज, पुसद, तिरोडा, काटोल... गाव बदलतं, प्रश्न तोच. आणि मग जरा आवाज उतरवून, "का मीच जाऊन राहू त्याच्यापाशी? प्रतापनगरात एक खोली पाहून ठेवली आहे."

या खोलीची आता फॅशनच झाली आहे. अकरावी-बारावीच्या क्लासेससाठी आई आणि लेकरू नागपुरात, बाप गावी शेती नाहीतर दुकान सांभाळत, हे आपण चालवून घेतलं. आता तेच पदवीच्या पहिल्या वर्षालाही सुरू झालंय. अठरा वर्षांच्या मुलाला उठवायला, डबा भरून द्यायला, परीक्षेचा अर्ज भरायला आई हजर! वर्ग सुटला की तो थेट खोलीवर. मित्र कधी जोडणार? आणि वर्षभरानं आईच म्हणते, "हा कुणाशी बोलतच नाही हो."

मुलगा घाबरलाय, कबूल. घाबरायलाच हवा. गावच्या ज्युनिअर कॉलेजात सर त्याला बापाच्या नावानिशी ओळखत होते, इथं तो हजेरीतला एक क्रमांक आहे. पालकांना वाटतं, इंग्रजी कच्चं म्हणून तो बुजलाय. इंग्रजीची भीती असते, पण ती वर्गापुरती. वर्गाबाहेर नागपूर हिंदीत बोलतं, सीताबर्डीच्या दुकानापासून कॉलेजच्या कँटीनपर्यंत. घरी वऱ्हाडी नाहीतर झाडीबोली बोलणाऱ्या पोराचं तोंड त्यामुळं आठ-आठ दिवस उघडत नाही. ही हिंदी महिन्या-दीड महिन्यात जमते, पण तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर चार पोरांत उभं राहून. आईसमोर जेवायला बसून ती येत नाही.

शाखा चुकली का, कॉम्प्युटर मिळालं नाही, पुण्याला बदली होईल का, ड्रॉप घेऊ का, या सगळ्यांना माझं एकच उत्तर: पहिलं सेमिस्टर होऊ द्या. सप्टेंबरात कुणाचीच शाखा बरोबर वाटत नाही. आणि एखाद्या विषयात एटीकेटी लागली म्हणून आभाळ कोसळत नाही.

२०२४-२५ पासून नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. मेजर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, व्हीईसी, आयकेएस. सूचनाफलकावरची ही अक्षरं वाचूनच पोरं गळपटतात. दोन दिवस सीनिअरच्या मागं फिरलं की उलगडा होतो. त्यातल्या को-करिक्युलरकडं मात्र नीट पाहा. तिथं राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. १९६९ सालची ही योजना आज कुणी मोजत नाही, पण बुजऱ्या मुलासाठी मला तिच्याइतकं रामबाण काही दिसलेलं नाही. सात दिवसांचं शिबिर एखाद्या खेड्यात असतं. शहरातल्या पोरांची ओली लाकडं धुमसत बसतात, आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा कुरखेड्याचा मुलगा येऊन दोन फुंकरींत चूल पेटवतो. त्या दिवसापासून त्याला सगळे नावानं हाक मारतात.

आता वसतिगृह. हा शब्द काढला की बापाचं तोंड वाकडं होतं: "तिथलं वातावरण बिघडलेलं आहे, सर." खोलीचं भाडं, गॅस, किराणा आणि गावातलं मोडलेलं घर, हे वातावरण फार चांगलं आहे का? नागपूरच्या चोखामेळा वसतिगृहानं विदर्भातल्या दलित मुलांच्या कितीतरी पिढ्या शिकवल्या. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली. तेव्हाच्या आयांचं काळीज काय दगडाचं होतं? वसतिगृहात जर्नल कुणाचं पाहून लिहायचं, कुठल्या खिडकीवर कोणता कागद लागतो, कोणत्या सरांना विचारलं तर ते पुन्हा समजावून सांगतात, हे सगळं रात्री जेवणाच्या रांगेत कळतं. रॅगिंगची धास्ती असेल तर ऐका: महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन क्रमांक चालू आहे. मुलाच्या मोबाइलमध्ये तो आजच टाका.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे. नागपूरसाठी वर्षाला ६० हजारांपर्यंतची रक्कम ठरलेली आहे. आदिवासी मुलांसाठी स्वयम योजना आहे, आणि इतर काही पात्र मुलांना पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता. अटी आणि तारखा कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. विचारायला मुलालाच पाठवा.

अपडाऊन करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. शेवटच्या एसटीसाठी प्रॅक्टिकल अर्धं सोडणारा मुलगा वर्गात असून नसल्यासारखा असतो. तासाभराच्या आतलं गाव असेल तर चालेल, त्यापलीकडचं नको.

आणि फोन. दिवसाला पाच व्हिडिओ कॉल: जेवला का, भाजी कशाची होती, बाजूला कोण बसलंय. बंद करा. रात्री एक फोन पुरे, आणि त्यात रडला तर रडू द्या. लगेच गाडी काढून निघू नका. पोळ्याला येऊन गेला असेल तर आता दिवाळीलाच बोलवा. दर शनिवारी घरी येणाऱ्याचा सोमवार दर आठवड्याला नव्यानं पहिला दिवस असतो.

मात्र दोन आठवडे झोप नाही, जेवण सुटलं, अंघोळ करत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतो, तर हे मन न लागणं नव्हे. तेव्हा थांबू नका, माझ्यासारख्या करिअरवाल्यालाही विचारत बसू नका. टेलिमानसचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालतो, आणि नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथं जा, आणि अशा वेळी खुशाल त्याच्याजवळ जाऊन राहा.

बाकीच्यांनी प्रतापनगरच्या घरमालकाला नाही म्हणून कळवा. करार अकरा महिन्यांचा असतो आणि डिपॉझिट सहजासहजी परत मिळत नाही. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागल्यावरही खोली हवीच असं वाटलं, तर नागपुरात खोल्यांना तोटा नाही.