प्रौढांचे अवधान आणि समूह-मार्गदर्शन

विजेचे बिल टेबलावर पडलेले असते आणि ते भरण्यास पुरेसे पैसेही जवळ असतात. तरीही मुदत उलटून जाते व दंड भरावा लागतो. असे वारंवार घडले म्हणजे लोक त्या मनुष्यास आळशी ठरवितात. कालांतराने तोही स्वतःस तसेच समजू लागतो. वस्तुतः अशा काही व्यक्तींच्या ठिकाणी इच्छेची उणीव नसते. लक्ष व कृती ह्यांचे नियमन करण्याची मेंदूची शक्ती कमी पडत असते. ह्या अवस्थेस अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी, असे म्हणतात.

हा केवळ मुलांचा विकार असून वयाबरोबर तो नाहीसा होतो, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ती बरोबर नाही. त्याचा आरंभ बालपणी होतो हे खरे. परंतु अनेकांत तो प्रौढपणीही टिकून राहतो. बालपणीची धावपळ ओसरते; तथापि वेळेचा अंदाज, कामांचा क्रम आणि कामास प्रारंभ करणे ह्यांत अडचण येतच राहते.

औषधाने पुष्कळांचे लक्ष स्थिरावते. पण दिवसाची आखणी कशी करावी हे औषध शिकवीत नाही. तेथे समूह-मार्गदर्शन उपयोगी पडते. काही प्रौढ आठवड्यातून एकदा मार्गदर्शकासह एकत्र बसतात. प्रत्येकजण एक अडलेले काम निवडतो, त्याचे लहान भाग पाडतो व पहिल्या भागाची वेळ वहीत नोंदवितो. पुढील बैठकीत काय झाले ते तो सांगतो. दूरच्या लाभाहानीने ज्याचे मन हालत नाही, त्यास येत्या आठवड्यातील ही भेट कामास लावू शकते.

मग केवळ एकत्र बसून मन मोकळे केल्याने भागेल काय? न्यूयॉर्क येथे मेरी सोलान्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याविषयी केलेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ८८ प्रौढ होते. काही गटांना १२ आठवडे वेळेचे नियोजन व कामांची मांडणी शिकवून घरी सराव करावयास दिला; इतर गटांत परस्परांस आधार देणारी चर्चा झाली. सोबत व सहानुभूती दोहोंकडे होती. तथापि सराव करणाऱ्यांची अवधानविषयक लक्षणे अधिक कमी झाली.

हा प्रयोग मानसोपचाराचा होता. समूह-मार्गदर्शनात अशाच सवयींचा अभ्यास होत असला, तरी ते निदानाची वा उपचाराची जागा घेऊ शकत नाही. नैराश्य व निद्रानाश ह्यांमुळेही लक्ष विचलित होते. म्हणून प्रथम मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घेणे अवश्य आहे.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा मनुष्यास उपदेश पुरत नाही आणि नुसता दिलासाही पुरत नाही. त्यास हवी असते वही, ठरलेली वेळ आणि पुढील आठवड्यात आस्थेने विचारणारे कोणीतरी.