बंद जपान आणि देजिमा बेट

‘पेरीची जहाजं येईपर्यंत जपानची दारं बंद होती’, असं आपण वर्गात सांगून मोकळे होतो. मग मुलांना वाटतं, १८५३ पर्यंत बाहेरचं तिथं काहीच पोचलं नाही. मला तर पेरीपेक्षा देजिमाची गोष्ट सांगायला जास्त आवडते.

ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या धास्तीने शोगुनने १६३९ मध्ये पोर्तुगीजांना येण्यास बंदी केली. डचांना धर्मापेक्षा व्यापारात रस. त्यांना १६४१ मध्ये नागासाकी बंदरातल्या देजिमा या कृत्रिम बेटावर आणून ठेवलं. पंख्याच्या आकाराचं, सुमारे १२० मीटर लांबीचं बेट. शहराशी जोडणारा एकच पूल, त्यावरही पहारा. परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे जवळजवळ कैदच की!

पण व्यापाराबरोबर पुस्तकंही येत गेली. १७२० मध्ये शोगुन योशिमुनेने त्यांवरची बंदी सैल केली. १७७१ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, सुगिता गेनपाकु आणि माएनो ऱ्योताकु हे वैद्य एक शवविच्छेदन पाहायला गेले. दोघांनीही एकच डच शरीरशास्त्राचं पुस्तक आणलेलं! शव उघडून अवयव दाखवले ते नव्वदीतल्या एका म्हाताऱ्याने. तिथल्या समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या वर्गातला तो. पण शरीर आतून कसं असतं हे त्यालाच ठाऊक होतं. अवयव डच चित्रांशी जुळले, जुन्या चिनी ग्रंथांशी नाही.

दुसऱ्याच दिवशी भाषांतराला सुरुवात. हाताशी धड शब्दकोश नाही, सुगिताला तर डच मुळाक्षरंही येत नव्हती. तरी १७७४ मध्ये ‘काइताइ शिन्शो’ छापून आलं. मज्जातंतूसाठी त्यात घडवलेला ‘शिन्केइ’ हा शब्द जपानी डॉक्टर आजही वापरतात.