जो लवतो, तो ओझं वाटून घेतो

पोरा, महावितरणची लाइन गेली की आपलं पॉवर हाऊस बेट होतं. साखर कारखान्याची वाफेची टर्बाइन असो की तुझ्या जिनिंगमधले दोन डिझेल सेट, कायदा एकच. ग्रिडवर ५० हर्ट्झ सांभाळायला अख्खा देश असतो. बेटावर तू आणि तुझी मशीन. म्हणून एवढं लक्षात ठेव.

जोडताना घाई नको. फेजचा क्रम, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी जुळव. येणाऱ्या सेटचा वेग केसभर जास्त ठेव. सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरत बारावर पोचायच्या क्षणभर आधी ब्रेकर टाक. काटा उलटा फिरताना टाकलास, तर नवा सेट ओझं उचलायचं सोडून जुन्याच्याच खांद्यावर बसतो.

दोघांचा ड्रूप सारखा ठेव. लोड वाढला की वेग थोडा उतरू द्यायचा, हाच ड्रूप. ४ टक्के म्हणजे रिकामा ५२ हर्ट्झ, पूर्ण लोडवर ५०. एक सेट १०० किलोवॉटचा, दुसरा ५० चा, आणि लोड ९०. तर ६० आणि ३० अशी वाटणी आपोआप होते, काटा ५०.८ वर थांबतो. एकाचा ड्रूप कमी ठेवलास, तर तोच ताठ राहून जास्त लोड ओढतो. लोड शेअरर नसताना दोघांचा ड्रूप शून्य केलास, तर जू मोडायचंच: एक सगळं ओढतो, दुसऱ्याचा रिव्हर्स पॉवर रिले पडतो.

किलोवॉट गव्हर्नरकडे माग, केव्हीएआर एक्सायटेशनकडे. अँपिअर जास्त दिसले की पोरं व्होल्टेजचा नॉब फिरवतात. आधी पॉवर फॅक्टर बघ, मग हात लाव.

केबलकडे लक्ष दे. बेटावर फ्रिक्वेन्सी सगळीकडे एकच, म्हणून किलोवॉटची वाटणी नेमकी होते. व्होल्टेज मात्र केबलच्या लांबीप्रमाणे बदलतं, म्हणून केव्हीएआरची वाटणी चुकते. बसबारपर्यंतच्या केबल शक्यतो सारख्या ओढ. एव्हीआरचा ड्रूप सीटी उलटा जोडलेला नाही ना, तेही तपास.

फ्रिक्वेन्सी ५० वर आणायची ती हळूहळू, दोघांना मिळून. एकाच गव्हर्नरला हात लावलास, तर फ्रिक्वेन्सी सुधारते, वाटणी बिघडते.

सोलर जोडलास तर डिझेलला उपाशी ठेवू नकोस. सेट ३० टक्क्यांखाली तासन्‌तास चालला, की न जळलेलं डिझेल सायलेन्सरपर्यंत साचतं. ऊन वाढलं की इन्व्हर्टर आवर.

मोठा सेट पडला तर आधी काय बंद करायचं, ते आजच ठरव. अंधारात ठरवता येत नाही.

आणि दर तासाला दोन्ही सेटचे हर्ट्झ, व्होल्ट, किलोवॉट, केव्हीएआर वहीत लिही. आकडा मीटरवर असेल तोच लिही. बिघाड आधी त्या वहीत दिसतो, मशीनमध्ये नंतर.