आधी हाडाची भर, मग पक्का दात

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार असोत की आसपासच्या वाड्यांतल्या गृहिणी, हल्ली माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, दाढ काढून पाच वर्षं झाली. आता स्क्रूचा पक्का दात बसेल ना?" एक्स-रे पाहून मला पुष्कळदा सांगावे लागते, "बसेल, पण आधी हाड भरावे लागेल."

असे का? चावताना दातावर पडणारा दाब जबड्याच्या हाडाला मिळतो आणि त्यावर ते टिकते. दात गेला की हाड झिजू लागते. पहिल्या वर्षातच त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्याने घटते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या ३ महिन्यांत होते. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. ती खाली पसरते व हाड आणखी पातळ होते. इम्प्लांट म्हणजे टिटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या डॉ. ब्रॅनेमार्क यांनी १९६५ साली तो प्रथम रुग्णाच्या जबड्यात बसवला. त्याला भोवती पुरेसे हाड मिळाले तरच तो पकड घेतो.

भरीसाठी स्वतःचे हाड उत्तम. पण हनुवटीतून किंवा दाढेमागून ते काढताना दुसरी जखम होते. म्हणून पर्याय आले. पहिला, दान केलेले मानवी हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊतिपेढी सुरू झाली. तेथे असे हाड स्वच्छ करून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. दुसरा, जनावरांचे, बहुधा गोवंशाचे, प्रक्रिया केलेले हाड. तिसरा, कारखान्यात बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे. यांपैकी काय वापरणार, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. प्राणिज भर नको असेल तर आधीच सांगा.

याला हाडाचे कलम म्हणतात. पण हापूसच्या कलमाची काडी जिवंत असते, हे दाणे नसतात. तो नुसता मांडव आहे. त्यावर चढणारा वेल, म्हणजे नवे हाड, तुमच्याच शरीरातून यावे लागते. त्याला साधारण ४ ते ६ महिने लागतात, कधी अधिक. घाई करून उपयोग नाही.

हा वेल कशाने सुकतो? तंबाखू, विडी-सिगारेट आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी. मिश्रीही तंबाखूच, हे आपल्या मायबहिणींनी ध्यानात ठेवावे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या वा इंजेक्शने चालू असतील तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही.

प्रत्येकाला हे लागतेच असे नाही. कित्येकांचे काम ब्रिजवर किंवा साध्या कवळीवर चांगले भागते व खर्चही वाचतो. पण पुढे इम्प्लांटचा विचार असेल, तर ज्या दिवशी दात काढायचा त्याच दिवशी विचारा, "डॉक्टर, खळगा आत्ताच भरून घ्यावा का?" त्याने झीज पुरती थांबत नाही, पण कमी होते, आणि पुढची मोठी शस्त्रक्रिया कदाचित टळते.