बाकावरचा मित्र आणि एच.आय.व्ही.

एच.आय.व्ही. हा विषाणू रक्तातील पांढऱ्या पेशींवर, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांवरच हल्ला करतो. पहारेकरी फार घटले की क्षयासारखे रोग आत शिरतात. त्या अवस्थेस एड्स म्हणतात. बाधित रक्त, दुसऱ्याची वापरलेली सुई, असुरक्षित शरीरसंबंध आणि बाधित आईकडून बाळाला, अशा वाटांनी तो येतो. एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने नव्हे. मग बाधित मुलाला वेगळे का बसवायचे? २०१७ च्या कायद्याने तशी मनाईच केली आहे. पडलेली सुई मात्र उचलू नका, मोठ्यांना सांगा. विषाणू शरीरातून पुरता जात नाही. पण सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळणाऱ्या गोळ्यांनी तो दबून राहतो. गरोदर आईने त्या वेळीच सुरू केल्या तर बाळही बहुधा बाधेतून वाचते. गोळी रोज घ्यायची, बरे वाटले तरीही.